गोड खाद्य आणि डुकराची पिल्ले

डुक्कर हा शब्द नुसता उच्चारला तरी आपल्याकडे बहुतेक जण नाक मुरडतात. उकिरडा उकरीत फिरणारा प्राणी, एवढीच त्याची ओळख आपण ठेवलेली असते. परंतु कणकवलीहून महामार्गाने दक्षिणेला निघून बांदा ओलांडले, की गोव्याच्या हद्दीत ही समजूत बदलावी लागते. तेथील अनेक ख्रिस्ती कुटुंबांत परसात एखादी डुकरीण पाळणे ही जुनी रीत आहे. काणकोण तालुक्यातील आगोंद या गावावरून तेथील काळ्या देशी डुकराला ‘आगोंदा गोवन’ असे नाव मिळाले असून देशातील पशुधनाच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेने ती स्वतंत्र जात म्हणून नोंदविली आहे. जुन्या गोव्याजवळ एला येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे केंद्र आहे, तेथे या जनावरांवर संशोधन चालते. आपल्या सिंधुदुर्गातही वराहपालनाचा धंदा करणारे थोडे लोक आहेत.

या धंद्यातील एक गोष्ट प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. परदेशांतील मोठ्या वराहशाळांमध्ये लहान पिल्लांच्या खाद्यात सॅकरीनसारखे कृत्रिम गोड पदार्थ मिसळण्याची पद्धत बरीच वर्षे आहे. आता विचार करा. सॅकरीन कोण घेते? ज्याला साखर वर्ज्य आहे तो मधुमेही, किंवा ज्याला वजन वाढू द्यायचे नाही तो. सॅकरीनमधून शरीराला एकही कॅलरी मिळत नाही. आणि डुक्कर पाळायचे कशासाठी? त्याचे वजन वाढावे म्हणून! मग ज्याच्यात पोषण मुळीच नाही असा पदार्थ वजन वाढविण्यासाठी विकत घेणारा माणूस वेडा म्हणावा की शहाणा? याचे उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मिळाले आणि ते पिल्लाच्या जिभेवर नव्हे, तर आतड्यात सापडले.

अठ्ठाविसावा दिवस

डुकरिणीचा गर्भकाळ पाठ करायला फार सोपा आहे: तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. म्हणजे सुमारे ११४ दिवस. एका वेताला आठ-दहा पिल्ले होतात. जन्मतः प्रत्येकाचे वजन सव्वा ते दीड किलो असते. साधारण तासातासाला ही पिल्ले आईला लुचतात. दूध चांगले दाट असते, त्यात स्निग्धांश भरपूर आणि दुग्धशर्कराही भरपूर. निसर्गाच्या हाती सोडले तर हे दूध दोन-तीन महिने हळूहळू कमी होत जाते आणि तेवढ्या काळात पिल्लू इकडेतिकडे तोंड घालून खायला शिकते.

कारखानदारी पद्धतीच्या वराहपालनात एवढी सवड नसते. थोडे गणित करू. पिल्ले ५६ दिवस आईजवळ ठेवली आणि त्यानंतर ६ दिवसांनी डुकरीण पुन्हा माजावर येऊन फळली, तर एका वेताचे चक्र ११४ + ५६ + ६ = १७६ दिवसांचे होते. वर्षात वेते किती? ३६५ भागिले १७६, म्हणजे २ पेक्षा किंचित अधिक. आता पिल्ले २८ व्या दिवशीच तोडली, तर चक्र १४८ दिवसांचे होते आणि वर्षाला जवळजवळ अडीच वेते मिळतात. शंभर डुकरिणींच्या गोठ्यात हा फरक वर्षाला चाळीस वेतांचा, म्हणजे तीन-चारशे पिल्लांचा पडतो. यामुळे युरोप-अमेरिकेत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पिल्ले आईपासून वेगळी केली जातात.

हिशेब मालकाचा झाला. पिल्लावर त्या दिवशी काय गुदरते ते पाहा. आई नाहीशी होते. चार अनोळखी वेतांतील पिल्ले एका कोंडवाड्यात येतात आणि वर-खाली ठरविण्यासाठी मारामाऱ्या करतात. ऊबदार, पातळ दुधाऐवजी समोर कोरडे पीठ किंवा गोळ्या येतात आणि हे खाण्याचे आहे हेच त्यांना उमगत नाही. कित्येक पिल्ले पहिला दिवस, दीड दिवस काहीही खात नाहीत.

उपाशी आतडे फार लवकर खंगते. लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात. त्यांना आपण अंकुर म्हणू. अन्नरस शोषून घेणारा पृष्ठभाग त्यांच्यामुळे कित्येक पटींनी वाढतो. आतून अन्न मिळेनासे झाले की हे अंकुर आखूड होतात. पाच दिवसांत त्यांची उंची निम्म्यावर येऊ शकते. मग भूक असह्य होऊन पिल्लू एकदम भरमसाट खाते. ते अन्न पचवायला आणि शोषायला आतडे तयार नसते. न शोषलेली साखर आणि पिष्ट आतड्यातच साठते आणि परासरणाच्या नियमाने शरीरातील पाणी आतड्यात ओढून घेते. मनुका पाण्यात टाकली की फुगते, तोच हा नियम. त्यातच हे न पचलेले अन्न पुढे मोठ्या आतड्यातील जंतूंच्या पंगतीला पडते आणि एश्चेरिशिया कोलाय या जंतूच्या उपद्रवी जाती बळावतात. परिणाम म्हणजे हगवण. शरीरातील पाणी जाऊन चांगले धट्टेकट्टे पिल्लूसुद्धा दोन दिवसांत दगावते.

यावर जुना उपाय असा, की खाद्यातच सरसकट प्रतिजैविके मिसळायची. त्याने हगवण आवरते आणि वाढही होते. परंतु थोड्या मात्रेत सतत औषध मिळाल्याने त्याला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते गोठ्यापुरते राहत नाहीत. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली. कोलिस्टिन हे औषध माणसाला इतर औषधे लागू पडेनाशी झाली की शेवटचे म्हणून दिले जाते. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याचा वापर भारताने २०१९ मध्ये बंद केला. जस्ताच्या ऑक्साइडची मोठी मात्रा हा दुसरा उपाय होता, तोही जमिनीत जस्त साठू लागल्याने युरोपात २०२२ मध्ये थांबला. आता पिल्लाचे आतडे सावरायचे कशाने, हा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा झाला.

जिभेची परीक्षा

सॅकरीनचा शोध १८७९ चा. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्ग हे डांबरापासून निघणाऱ्या रसायनांवर काम करीत होते. हात न धुता जेवायला बसल्यावर त्यांना पाव गोड लागला, अशी त्यांनीच सांगितलेली हकीकत आहे. (विद्यार्थ्यांनी यातून प्रयोगशाळेत हात न धुण्याची प्रेरणा घेऊ नये!) माणसाच्या जिभेला हा पदार्थ साखरेच्या तीनशेपट किंवा त्याहूनही अधिक गोड लागतो.

डुकरालाही गोड आवडते. त्याच्या जिभेवर सुमारे १५,००० स्वादकलिका असतात, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक. तेव्हा खाद्य गोड केले की पिल्लू ते लवकर तोंडी लावील, अशा सरळ समजुतीने खाद्यात गोडी घालणे सुरू झाले.

परंतु डुकराला काय गोड लागते हे आपण आपल्या जिभेवरून ठरवावे का? २००० साली स्वित्झर्लंड व फ्रान्समधील संशोधकांनी डुकरांनाच विचारून पाहिले. विचारण्याची रीत सोपी आहे. एका भांड्यात साधे पाणी, दुसऱ्यात परीक्षेचा पदार्थ घातलेले पाणी ठेवायचे आणि कोणते अधिक संपते ते मोजायचे. साध्या साखरा डुकरांना आवडल्या. सॅकरीन आणि सुक्रॅलोज आवडले, पण माणसाच्या मानाने फारच बेताचे. आणि ॲस्पार्टेम, सायक्लामेट व थॉमॅटिन हे आपल्याला चांगलेच गोड लागणारे पदार्थ डुकरांच्या खिजगणतीतही नव्हते. त्यांना ते पाणीच!

याचा अर्थ गोडी ही पदार्थाच्या अंगी असलेली गोष्ट नव्हे. वस्तुमान जसे त्या वस्तूचे असते तशी गोडी साखरेची नसते. जिभेवरील पेशींच्या आवरणात टी१आर२ आणि टी१आर३ अशी दोन प्रथिने जोडीने बसलेली असतात. या जोडीला गोडीचा ग्राही म्हणतात. ग्राही हे कुलूप आणि पदार्थाचा रेणू ही किल्ली. किल्ली बसली तर मेंदूकडे ‘गोड’ अशी वर्दी जाते. प्रत्येक प्राण्याचे कुलूप थोडे निराळे असल्यामुळे एकाची किल्ली दुसऱ्याला बसेलच असे नाही. मांजराच्या बाबतीत तर टी१आर२ चा जनुकच निकामी झालेला आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. घरच्या मांजरापुढे एका बशीत साधे पाणी आणि दुसरीत साखरेचे पाणी ठेवून पाहा. त्याला त्यात काहीही डावे-उजवे वाटणार नाही. दुधावर ते तुटून पडते ते दुधाच्या गोडीसाठी नव्हे.

मग सॅकरीनची किल्ली डुकराच्या कुलपात जेमतेमच बसत असेल, तर खाद्यात ते घालून काय साधते? प्रत्यक्ष चाचण्यांतही काही ठिकाणी पिल्ले अधिक खाताना दिसली, काही ठिकाणी फरकच पडला नाही.

आतड्यालाही चव कळते

इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात सोराया शिराझी-बीची या संशोधिका अनेक वर्षे एका निराळ्याच प्रश्नामागे होत्या. जनावराने साखर अधिक खाल्ली की त्याचे आतडे काही काळाने साखर अधिक वेगाने शोषू लागते. आतड्याला हे कळते कसे? अमेरिकेतील रॉबर्ट मार्गोल्स्की यांच्यासह केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून उत्तर मिळाले. जिभेवरचे तेच कुलूप, तीच टी१आर२ व टी१आर३ ची जोडी, लहान आतड्यातील काही विरळ पेशींवरही बसलेली असते! हे प्रथिन नसलेले उंदीर तयार करून पाहिले, तर त्यांची आतडी कितीही साखर दिली तरी शोषणाचा वेग वाढवीनात. साध्या उंदरांना मात्र सॅकरीन किंवा सुक्रॅलोज दिले तरी आतडी साखर आल्यासारखीच वागली. ॲस्पार्टेमने काही घडले नाही, कारण उंदराच्याही कुलपाला ती किल्ली बसत नाही.

या पेशी मेंदूला ‘वा, गोड आहे’ असे कळवीत नाहीत. त्या संप्रेरके सोडतात. संप्रेरकांचा निरोप शेजारच्या शोषक पेशींपर्यंत पोचतो आणि त्या पेशी साखर आत घेणाऱ्या दारांची संख्या वाढवितात. पंगत बसायची आहे, पाने मांडा, असाच हा निरोप. जिभेचा निकाल क्षणात लागतो, आतड्यातील मांडामांड मात्र तासांच्या आणि दिवसांच्या हिशेबाने चालते.

२०१० मध्ये याच गटाने हा प्रयोग आईपासून तोडलेल्या पिल्लांवर केला. त्यांच्या खाद्यात सॅकरीन आणि निओहेस्परिडिन डायहायड्रोचाल्कोन यांचे मिश्रण घातले. (हे लांबलचक नाव घाबरण्यासारखे नाही. लिंबूवर्गीय फळांच्या कडवट द्रव्यापासून १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत बनविलेला हा गोड पदार्थ आहे. कडूपासून गोड!) गोडी मिळालेल्या पिल्लांच्या आतड्यात साखरेची दारे वाढलेली आढळली आणि ग्लुकोज शोषण्याची क्षमताही. म्हणजे खुद्द गोडीत पोषण नव्हते, पण तिने खाद्यातील पिष्टापासून होणारे ग्लुकोज पदरात पाडून घेण्याची तयारी करवून घेतली. निरोप खोटाही नव्हता. खाद्यात धान्य होतेच, पाहुणे खरोखरच येणार होते.

सोडियमचा उतार

आता हे दार म्हणजे काय ते पाहू, कारण माझ्यासारख्या पदार्थविज्ञान शिकविणाऱ्याला यातील सर्वांत रसाळ भाग हाच वाटतो. दाराचे नाव एसजीएलटी-१. आतड्यातील ग्लुकोज संपत आले, तरी उरलेसुरलेही शरीराला हवे असते. म्हणजे कमी संहतीकडून अधिक संहतीकडे ग्लुकोज न्यायचे. हे पाणी चढावर नेण्यासारखे आहे, ऊर्जा खर्चल्याशिवाय ते होणार नाही. ही ऊर्जा कोठून येते? १९६० साली प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी उत्तर सुचविले: सोडियमपासून.

पेशीच्या मागच्या बाजूस एक पंप सतत सोडियम बाहेर फेकीत असतो. त्यामुळे पेशीच्या आत सोडियम बाहेरच्या सुमारे एकदशांशच असतो. शिवाय पेशीची आतील बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते. हे विभवांतर आपण ५० मिलिव्होल्ट धरू. सोडियम आयन धन. तेव्हा संहतीचा उतार आतल्या बाजूस आणि विजेची ओढही आतल्याच बाजूस. जणू धरणात साठवलेले पाणी. एसजीएलटी-१ हे दार दोन सोडियम आयनांना आत येऊ देते, पण अट अशी की येताना ग्लुकोजचा एक रेणू बरोबर आणला पाहिजे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. संहतीच्या फरकामुळे एका सोडियम आयनामागे १० पट जोर मिळतो. डुकराच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. त्या तापमानाला उष्णताजन्य ऊर्जेशी तुल्य असे विभवांतर सुमारे २७ मिलिव्होल्ट येते. ५० ला २७ ने भागून ‘ई’ चा तेवढा घात घेतला तर सुमारे ६.४ येतात. दोन्हींचा गुणाकार ६४. आयन दोन आहेत, म्हणून ६४ चा वर्ग. उत्तर ४,००० च्या वर जाते. म्हणजे कागदावर तरी हे दार बाहेरच्यापेक्षा चार हजारपट संहतीविरुद्ध ग्लुकोज आत ढकलू शकते! प्रत्यक्षात ग्लुकोज मागच्या दाराने लगेच रक्तात निघून जात असल्याने एवढा साठा होत नाही, पण आतड्यातील ग्लुकोज पुसून घेण्याइतका जोर या यंत्रणेत आहे हे यावरून कळते.

सोडियम व ग्लुकोज आत गेले की त्यांच्यामागून पाणीही आत जाते. हगवणीत नेमके हेच हवे असते. जुलाब झाल्यावर घरी आपण मीठ-साखर-पाणी देतो त्याचे रहस्य हेच दार आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे द्रावण पाजून मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. माणसाचे मूल आणि डुकराचे पिल्लू यांच्या आतड्यांतील ही यंत्रणा एकाच घडणीची आहे. पिल्लाच्या बाबतीत फरक एवढाच, की दारे आधीपासून वाढवून ठेवायची आहेत.

या गोडीचा आणखी एक परिणाम त्याच गटाला २०१४ मध्ये दिसला. गोडी दिलेल्या पिल्लांच्या आतड्यांत लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यातील जंतूंच्या कुळातील जंतू, वाढले होते. दुग्धशर्करा दिली तरीही तेच झाले.

आपल्याकडे काय?

हे सारे वाचून सावंतवाडीच्या किंवा कणकवलीच्या एखाद्या वराहपालकाने उद्याच सॅकरीनची पुडी आणावी, असे मी म्हणणार नाही. किलोला १५० मिलिग्रॅम ही मात्रा धरली तर ५० किलोंच्या पोत्याला साडेसात ग्रॅमच लागतात. एवढीशी पूड अख्ख्या पोत्यात सारखी मिसळणे हे घमेल्यात हाताने होणारे काम नव्हे. दुसरे असे, की हा उपाय २८ दिवसांत आई तोडण्याने उभ्या केलेल्या अडचणीवरचा आहे. दोन डुकरिणी पाळणाऱ्याने पिल्ले सहा-आठ आठवडे आईजवळ ठेवली आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून आईला शिरता येणार नाही अशा कोपऱ्यात त्यांना थोडे मऊ खाद्य ठेवले, तर आतड्याला ओळख करून घ्यायला वेळ मिळतो. वर्षाला अर्धे वेत कमी येईल हे खरे. परंतु जगलेले पिल्लूच बाजारात जाते.

तिसरी बाब पाण्याची, आणि ती कोकणात सर्वांनाच लागू आहे. सॅकरीन शरीरात मोडत नाही. बहुतेक सारे मूत्रावाटे जसेच्या तसे बाहेर पडते. २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांना ते वराहशाळांच्या मलमूत्राच्या खतात सापडले. खत साठवून ठेवले तरी ते टिकून राहिले. शेतात पसरल्यावर मातीतील जंतू त्याचा निकाल लावतात, पण सगळेच तेथे संपत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये पिल्लांसाठी सॅकरीन निर्धोक ठरविले आणि त्याच वेळी त्यापासून होणारा एक पदार्थ भूजलात लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर जाण्याची दाट शक्यता असल्याचे नोंदविले. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जांभ्याचा दगड सच्छिद्र आहे आणि परसातला गोठा व पिण्याची विहीर यांत पुष्कळदा वीस पावलांचेही अंतर नसते. एवढी सूक्ष्म मात्रा आपल्या जिभेला कधीच लागणार नाही. ती शोधायची तर पाण्याचा नमुना सुसज्ज प्रयोगशाळेकडेच पाठवावा लागेल.